डोळ्याखालचा भोवरा

या घरात मी टांग्यात बसून आले. टांगा सासऱ्यांचाच होता. तेव्हा ते कल्याण-भिवंडी भाडं मारायचे, आणि घरचं लग्न असताना दुसऱ्याची गाडी कशाला म्हणून त्यांनी आपलीच घोडी धुऊन-पुसून जुंपली होती. माझं माहेर मानकोलीच्या बाजूला, खाडीच्या काठाला. तिथून इथे कोनपर्यंत मी सारखी रडत होते. शेजारी आमचे हे मुंडावळ्या सावरत बसले होते. सासऱ्यांनी मागे न बघता एकदाच सांगितलं, "रड बाय, रड. रस्ता लांब हाय."

त्या सगळ्या रस्त्यात मला समोर घोडीचे कान तेवढे दिसत होते. दोन्ही कान वर जाऊन आत वळलेले, टोकाला टोक लागलेलं, कोणी नमस्कार केल्यासारखे. असे कान मी आधी पाहिले नव्हते. आमच्याकडे होड्या, जाळी आणि कोंबड्या. घोडा पाहिला होता तो लांबून, वरातीत.

मी चौथीपर्यंत शिकले. माणसांत बसून बोलायला मला अजून जमत नाही. कोणी काही विचारलं की उत्तर माहीत असूनही मी पदर नीट करत बसते. लिहिताना कोणी तोंडाकडे बघत नाही. म्हणून दुपारी घोडीचे चणे भिजत घातले की मी ओसरीवर लिहायला बसते. ज्या घोडीने मला या घरात आणलं ती कधीच गेली. तिची मुलगी म्हणजे आमची थोरली. आणि थोरलीची मुलगी धाकटी. मला लिहायचं आहे ते धाकटीबद्दल.

पण आधी सासऱ्यांचं सांगते. टांगे बंद झाले, रिक्षा आल्या. रांजनोली नाक्यापासून इकडे भातशेतीवर गोदामं उभी राहिली. सासऱ्यांनी टांगा विकला, घोडी ठेवली. मग आमच्या ह्यांनी ती लग्नाला द्यायला सुरुवात केली. झूल, मोत्यांची माळ, कपाळाला तुरा. मी नवी असताना घोडीला फार भ्यायचे. सासऱ्यांनी मला शिकवलं. समोरून जायचं नाही, मागून तर नाहीच. खांद्याच्या बाजूने जायचं, आधी हात हुंगू द्यायचा, मग मानेवर ठेवायचा. "ती पण लाजाळूच हाय," ते म्हणायचे. "तुमचं दोघींचं जमंल."

जमलं. मी खरारा करायला बसले की सासरे बाजेवर बसून घोड्यांच्या जातींचं बोलायचे. त्यांना दुसरं बोलणंच येत नाही. कानाची टोकं भेटली की काठेवाडी. मारवाडी घोड्याचेही कान वळतात, पण तो उंच, मान काढून चालणारा, जरा मिजासखोर. सिंधी घोड्याची चाल अशी की पाठीवर बसून चहा प्यायला तरी बशीत सांडत नाही. पंजाबकडचा नुकरा पांढराशुभ्र, आतली कातडी गुलाबी, उन्हाला नाजूक. आणि आपला भीमथडी, भीमा नदीच्या काठचा. बुटका, दिसायला साधा, पण खूर दगडासारखे, आणि थोड्या चाऱ्यावर घाट चढून जातो.

"त्याचं मूळ कुठलं म्हाईत हाय?" ते विचारायचे. मला माहीत असायचं, तरी मी मान हलवायची. "अरबांची घोडी जहाजातून यायची. आपल्याच खाड्यांत उतरायची, कल्याणला, सोपाऱ्याला. मग घाट चढून वर गेली, तिकडच्या तट्टांत मिसळली. त्यातनं भीमथडी झाला." खरं किती आणि त्यांचं किती, मला सांगता येणार नाही. पण आपल्या चिखलाच्या खाडीत घोडे उतरायचे हे ऐकायला मला आवडायचं.

जातीपेक्षाही ते जास्त बोलायचे ते भोवऱ्यांबद्दल. माणसाच्या डोक्यावर जसा केसांचा भोवरा असतो तसे घोड्याच्या अंगावर अनेक असतात. घोडेवाला घोडा विकत घेताना आधी ते बघतो. सारंगखेड्याच्या बाजारात म्हातारी माणसं घोड्याभोवती फिरत बोटांनी केस चाचपतात, ती भोवरे शोधत असतात. गळ्याखाली असला तर देवमण, फार शुभ. ज्या घोडीने मला आणलं तिला देवमण होता, म्हणून सासऱ्यांच्या वडिलांनी ती निवडली होती. आणि डोळ्याच्या खाली, जिथून पाणी ओघळतं तिथे भोवरा असला, तर तो आसूढाळ. असा घोडा खोडीचा. त्याच्यावर बसणारा रडतो, म्हणतात. असं जनावर कोणी दारात बांधत नाही.

थोरलीला ना देवमण होता ना खोड. ती तांबडी, कान आईसारखे. लग्नाच्या सीझनला ह्यांच्या फोनवर घंटी वाजली की पहिला प्रश्न ठरलेला. भिवंडीतून लूमवाल्यांचा असो की गावातला. "घोडी सफेद है ना?" हे म्हणायचे, "लाल है, पर खानदानी है." पलीकडून फोन बंद.

"खानदान कोणाला दिसतंय?" हे माझ्यावर चिडायचे, जसा काही फोन मीच ठेवला. "फोटोत पांढरी उठून दिसते. हिला पिठात लोळवू कं आता?"

"पाऊस आला तं भाकरी थापाव्या लागतील पाठीवर," सासरे बाजेवरून म्हणायचे.

थोरलीचं वय होत चाललं होतं. तिच्या मागे एक शिंगरू हवं हे सगळ्यांना पटत होतं. ह्यांनी ठरवलं, या वेळी नुकरा. भिवंडीत एका बग्गीवाल्याकडे पांढरा घोडा होता. थोरली माजावर आली की हे तिला घेऊन जायचे आणि तोंड पाडून परत यायचे. एकदा तिने लाथ झाडली, एकदा जवळ येऊ दिलं पण गाभण राहिली नाही. बग्गीवाला म्हणाला, तुमची घोडी म्हातारी झाली. हे घरी येऊन तेच म्हणाले. सासऱ्यांनी त्या दिवशी थोरलीला गुळाचा खडा जास्त दिला.

भात कापून झालं की घाटावरचे धनगर मेंढ्या घेऊन आमच्याकडे उतरतात. माळशेज घाटातून येतात, मुरबाड करत कल्याणच्या इकडे. मेंढ्या शेतात बसवल्या की जमिनीला खत मिळतं, आणि त्यांना आपण भात देतो. आता शेतं कमी झाली तसे तेही कमी झाले. पण आमच्या मागच्या तुकड्यात एक कुटुंब अजून येतं. त्यांच्या घोड्यांवर सगळा संसार असतो. भांडी, मेंढ्या कोंडायची जाळी म्हणजे वाघर, कोंबड्या, आणि कधीकधी पोरगंही बांधलेलं. त्यांच्यात एक काळपट तांबडा घोडा होता, छोटा, छातीला रुंद. धनगराची बायको माझ्याकडे पाणी भरायला यायची. तिने थोरलीला दाव्याला ओढ घेताना पाहिलं.

"ताई, तुमची घोडी आमच्या घोड्याला हाका मारतीया," ती म्हणाली.

मी लाजले. तिला लाज नव्हती, ती हसत होती. मी सासऱ्यांना सांगितलं. सासरे उठून धनगराच्या घोड्याजवळ गेले. भोवरे बघितले, दात बघितले. त्या बाईने घोड्याचा पाय उचलून खूर पुढे केला. "आमी हे बघतो. पायात दम पायजे. केसाचं काय करायचं?"

आमचे हे ऐकायला तयार नव्हते. "बुटका घोडा! शिंगरू बकरीएवढं होईल. नवरदेवाचे पाय जमिनीला लागतील."

"मग नवरदेवाला दमणूक न्हाय," सासरे म्हणाले.

थोरलीने या वेळी लाथ झाडली नाही. ती राहिली.

अकरा महिने आम्ही वाट पाहिली. पुढच्या वर्षी धनगर पुन्हा मागच्या शेतात उतरलेले असताना, एका सकाळी मी वैरण घेऊन गोठ्यात गेले तर थोरली आडवी होती आणि शिंगराचे पुढचे पाय बाहेर आलेले. वैरण बाजूला टाकली. मी तिथेच खाली बसले. सगळं तिनेच केलं. शिंगरू बाहेर आलं, ओलं, तांबडं, चारही पायांत पांढरं. ते उठायचा प्रयत्न करून चारदा पडलं आणि पाचव्यांदा उभं राहिलं तेव्हा मी रडत होते आणि सासरे माझ्या मागे येऊन उभे होते.

"घोडी हाय," ते म्हणाले. "पंचकल्याणी होते की काय बघ! चार पाय धुतलेले." ते खूश होऊन खाली बसले आणि कपाळावरचे ओले केस बोटाने बाजूला करू लागले, तिथेही पांढरं आहे का ते बघायला. कपाळावर चांदणी होती. मग त्यांचं बोट खाली सरकलं. डाव्या डोळ्याखाली थांबलं. त्यांनी धोतराच्या सोग्याने ती जागा पुसली, पुन्हा बघितली. मग उठले आणि हात धुवायला गेले.

तेवढ्यात धनगराची बायको आली. तिने खूर चाचपले आणि आनंदाने म्हणाली, "बापावर गेलं बघा!" मी तिला डोळ्याखालचं दाखवलं. ती म्हणाली, "असू द्या की. डोळ्यानं दिसतंय ना?"

आमच्याकडे तसं नव्हतं. हे म्हणाले, गिऱ्हाईकाला काय कळतंय, ते फक्त रंग बघतात. ते खरंच होतं. आताचा नवरदेव घोडीवर बसून मोबाइल बघत असतो, त्याला भोवरा काय माहीत. पण सासरे म्हणाले, "त्याला न्हाय कळत. मला कळतं ना. मी कोणाच्या पोराला तिच्यावर बसवणार न्हाय."  जी घोडी वरातीला जाणार नाही, तिने आमच्याकडे राहून काय करायचं? ठरलं की दूध सुटलं की तिला द्यायची. वीटभट्टीवर गाडा ओढायला असली जनावरं घेतात, ते भोवरे बघत नाहीत.

 धाकटी जाणार हे त्या दिवसापासून माझ्या मनात रुतून बसलं.

दूध सुटलं. सासरे म्हणाले, पाऊस सरू दे. पाऊस सरला, मग म्हणाले, थंडीत हाडं धरू दे. तोपर्यंत धाकटी माझ्या मागे मागे फिरायला लागली होती. कपडे वाळत घालताना ती दोरीखाली येऊन ओल्या साडीत तोंड घालायची. आमच्या मागेच लूमचं शेड आहे, रात्रंदिवस खटखट चालते. पुढे रस्ता, तिथे कंटेनर आणि ट्रक. त्या सगळ्या गोंगाटात ती वाढली, त्यामुळे ती कशालाच बुजत नव्हती. थोरली फटाक्याला थरथरते, धाकटी फटाका कुठे फुटला ते बघायला जाते.

आणि मी तिला चालायला शिकवत होते. कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी गोदामाच्या कंपाउंडच्या बाजूने कच्चा रस्ता आहे, तिथे मी तिला दोरीने चालवायचे. सासऱ्यांनी थोरलीला शिकवताना मी पाहिलं होतं, तसंच. पाय उचलून, न उधळता, एका तालात. कुठल्या नवरदेवासाठी शिकवते हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, जिला काही येतं तिला लोक सहज घालवत नाहीत.

एक दिवस वीटभट्टीवाला माणूस आला. सासऱ्यांनीच बोलावलं होतं. त्याने दोरी आणली होती, ती त्याच्या खांद्यावर होती. त्याने धाकटीच्या पाठीवर थाप मारली, मांड्या चाचपल्या, म्हणाला, "अंगाने चांगली आहे. आजच नेतो." आमचे हे बाहेर गेले होते. सासरे बाजेवर बसून जमिनीकडे बघत होते. मी दारात उभी होते. माझ्या तोंडातून निघालं ते मलाच नवीन होतं.

"बाबा, आज अमावास्या आहे. आज दावं सोडत नाहीत."

सासऱ्यांनी वर बघितलं. माणूस म्हणाला, "आम्ही नाय मानत अमावास्या."

"आमी मानतो," सासरे म्हणाले. "भोवरा मानतो तर अमावास्या पण मानायला लागते. नंतर ये."

तो पुटपुटत गेला. संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा सासरे बशीत चहा ओतत म्हणाले, "बाय, अमावास्या काल होती."

मी पदर नीट करत उभी राहिले.

"मी कालच नारळ फोडला ना," ते म्हणाले, आणि चहा प्यायले.  त्या माणसाला त्यांनी पुन्हा बोलावलंही नाही. पण धाकटीला ठेवायचं असंही ते म्हणाले नाहीत. कोणी विचारलं की सांगायचे, द्यायची आहे, दात पाडू दे.

धाकटीने दुधाचे दात पाडले. ती बकरीएवढी झाली नाही. आईपेक्षा थोडी ठेंगणी, पण भरलेली, आणि कान मात्र आजीचेच, टोकाला टोक. त्याच वर्षी थोरलीचा मागचा पाय सुजला. सीझन तोंडावर. हे अकलोलीहून गरम कुंडाचं पाणी कॅनमधून आणायचे आणि आम्ही तिचा पाय शेकायचो. सूज उतरली, पण लंगडणं राहिलं. ह्यांनी घेतलेली कामं सांभाळायला बग्गीवाल्याचा पांढरा घोडा भाड्याने घ्यावा लागला. आमची झूल हे दुसऱ्याच्या घोड्याला घालायचे. आणि गोठ्यात धाकटी उभी, धडधाकट, चणे खात.

तेव्हा सासरे म्हणाले, आता बस झालं. नातीचं लग्न झालं की हिला द्यायची. कोणी चांगला बघून, भट्टीवर नाही, पण द्यायची. हिला ठेवली तर दुसरी घोडी आणता येणार नाही, आणि दुसरी आणली नाही तर घरचा धंदा बसला. ते बरोबरच बोलत होते. मी रात्री ह्यांना एवढंच विचारलं, "चांगला कोण?" 

नात म्हणजे गावातच दिलेल्या माझ्या नणंदेची मुलगी. ती मानकोलीच्या गोदामात नोकरी करते, कॉम्प्युटरवर. शिफ्ट करून स्कूटीने येते, बोलायला तिखट. केळवणाला ती आमच्याकडे आली. जेवण झालं, ती सरळ गोठ्यात गेली आणि धाकटीच्या गळ्यात हात टाकून फोटो काढू लागली. बाहेर येऊन सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"आजा, हळदीला मी हिच्यावरनं जाणार. गावदेवीच्या पाया पडायला."

आमच्याकडे हळदीच्या अंगाने गावदेवीला जायचं असतं. चालत जातात, पुढे बँजो.

"कोणावरनं?" सासरे म्हणाले.

"धाकटीवरनं. आताच्या नवऱ्या जातात घोडीवरनं. माझ्या मैत्रिणीने बुलेट आणली होती. मला बुलेट नको, घरची घोडी हाय."

"थोरली लंगडते."

"मी थोरली बोलले कं?"

"ती आसूढाळ हाय गो. तुला सांगितलंय ना. बसणारा रडतो."

"बसणारा म्हंजे नवरदेव ना? नवरीचं कोणी कुठं सांगून ठेवलंय?"

"नवरीला कोण घोडीवर बसवत व्हतं? म्हणून न्हाय सांगितलं."

"मग झालं तर. आणि आजा, मी तशी पण रडणारच हाय. घोडीने रडवलं काय आणि आईने रडवलं काय."

सगळे हसले. हे तर उठून बाहेरच गेले हसायला. सासरेही हसले, पण मग गंभीर झाले. "पाठवणीचं रडणं येगळं. जन्माचं रडणं येगळं. तुझ्यावर मी ते येऊ देणार न्हाय. दुसरं काय पण माग."

 ती हातातला मोबाइल उलटसुलट करत उभी राहिली. मला दिसलं की हे आता इथेच संपणार. लग्न होईल, आणि धाकटी जाईल. मी भांडी गोळा करत होते. ती खाली ठेवली.

"बाबा, मला आणली त्या घोडीला देवमण होता ना?"

सासरे माझ्याकडे बघायला लागले. नणंदही बघायला लागली. एवढ्या माणसांत मी कधी बोलत नाही.

"व्हता."

"तिला एकही खोड नव्हती."

"न्हवती. बाने पारखून घेतलेली."

"तरी मी मानकोलीपासून कोनपर्यंत रडले. तुम्ही पुढे बसला होता. तुम्हीच म्हणालात, रड, रस्ता लांब हाय."

 सासऱ्यांना ते आठवत होतं, तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि नंतर?"

"नंतर काय?"

"नंतर रडलीस कं? ह्या घरात?"

मला खोटं बोलायचं नव्हतं. माणूस रडतो. माझा मुलगा लहानपणी तापाने फणफणला तेव्हा रडले, आई गेली तेव्हा रडले. पण ते विचारत होते ते हे नव्हे. "नाही," मी म्हणाले.

ते उठले आणि गोठ्यात गेले. पुष्कळ वेळ बाहेर आले नाहीत. मी चहा घेऊन गेले तर धाकटीच्या पाठीवर जुनी झूल टाकून ती कुठे सैल होते ते बघत होते. "तंग आवळायला लागंल," म्हणाले. "आणि दोरी मी धरणार. दुसरा कोण न्हाय."

हळदीच्या दिवशी संध्याकाळी मीच धाकटीला तयार केलं. आयाळ धुतली, खुरांना तेल लावलं. मोत्यांची माळ थोरलीच्या मापाची होती, ती एक फेरा जास्त देऊन घातली. डोळ्याखाली मी काही लावलं नाही, झाकलं नाही. नात हळदीने पिवळी झालेली, हात-पाय-तोंड सगळं. स्टुलावर चढून ती बसली आणि एका हाताने आयाळ घट्ट धरली. आतापर्यंत एवढी बोलणारी ती, वर गेल्यावर हळूच म्हणाली, "मामी, ही हलणार नाही ना?"

"हलेल. पण तुला घेऊनच हलेल," मी म्हणाले.

बँजो सुरू झाला. केवढा मोठा आवाज. धाकटीने एक कान पुढे केला, एक मागे, आणि चालू लागली. लूमच्या खटखटीत वाढलेली ती, तिला हा आवाज नवा नव्हता. रस्त्यात एक कंटेनर अडकून उभा होता, ड्रायव्हर खाली उतरून बघत होता, तो "अरे, दुल्हन घोडी पे!" असं ओरडला. नातीने त्याला पिवळा हात दाखवला. बायका हसत होत्या, काही म्हाताऱ्या तोंडावर पदर घेऊन बघत होत्या, एकीने विचारलं, "ही कोणाची रीत गो?"  सासरे दोरी धरून पुढे चालत होते, ताठ, टांग्यावर बसायचे तसे. मी मागून बायकांत चालत होते आणि धाकटीचे पाय बघत होते. पाय उचलून, एका तालात. मी शिकवलेलं ती काहीच विसरली नव्हती.

देवीपुढे उतरल्यावर नातीने धाकटीचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि कपाळावर पापी घेतली. हात काढला तर डाव्या डोळ्याखाली, बरोबर भोवऱ्यावर, हळदीचा पंजा उठला होता. सासऱ्यांनी ते बघितलं. मला वाटलं पुसतील. त्यांनी पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न झालं. पाठवणीला नात इतकी रडली की तिच्या डोळ्यांचं काळं सगळं गालावर आलं. नणंद रडली, हे रडले. फुलं लावलेली गाडी वळणावरून गेली तेव्हा सासरे उपरण्याने डोळे पुसत माझ्या बाजूला आले.

"बघ," ते म्हणाले. "रडली ती गाडीत बसून. गाडीला कुठं भोवरा हाय?"

नंतर धाकटीला द्यायचं कोणी बोललं नाही. ज्या दिवशी सासऱ्यांनी नालबंदाला बोलावून धाकटीला पहिल्यांदा नाल ठोकून घेतले, त्या दिवशी मला कळलं की ती राहिली.

थोड्याच दिवसांनी फोन आला. बाईचा आवाज होता, तिच्या मुलीसाठी विचारत होती. तिने आमच्या नातीचा घोडीवरचा फोटो बघितला होता. ह्यांनी आनंदाने हो म्हटलं, तेवढ्यात सासऱ्यांनी फोन मागून घेतला. "घोडी तांबडी हाय, पांढरी न्हाय. आणि डोळ्याखाली भोवरा हाय, जुनी माणसं वाईट मानतात. ते आधी सांगतो, मागाहून बोलू नका." ह्यांनी कपाळाला हात लावला. पलीकडून बाई काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. सासरे म्हणाले, "नाचत न्हाय. चालते चांगली." मग फोन ह्यांच्या हातात देत म्हणाले, "येणार हायत उद्या बघायला. घर झाडून ठेवा."

त्या बाईने येऊन काम ठरवलं. त्यानंतर आणखीही नवऱ्या आल्या, फार नाही, पण येतात. नवरदेवासाठी सासरे अजून धाकटी देत नाहीत. ते त्यांचं आहे, मी त्यावर बोलत नाही.

आता भात कापून झालं आहे. मागच्या तुकड्यात पेंढा पडला आहे, काही दिवसांत धनगर उतरतील. काल संध्याकाळी हे म्हणाले, "पुढच्या साली धाकटी शिंगराला येईल. या वेळी नुकरा बघू. भिवंडीवाल्याने नवीन आणलाय."

सासरे बाजेवर बसले होते. म्हणाले, "मला कं विचारतोस? बायला विचार."

दोघे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात पदराकडे गेला, पण मी तो खाली घेतला.

"धनगर येऊ देत," मी म्हणाले. "खूर बघून ठरवू."